दोन घरांची मालकीण

तार शाळेत आली तेव्हा मी पाचवीचा वर्ग घेत होतो. अर्जुनीहून गाडी पकडून गोंदियाला पोचलो, तर अंगणात माणसं बसलेली आणि एक गृहस्थ मोठ्या आवाजात सांगत होते, "दोन घरांची मालकीण गेली हो." दीड महिना झाला, पण ते वाक्य आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. मालकीण म्हणे! माझी थोरली बहीण गोदाबाई दहा वर्षं स्वतःच्या घराच्या दारात उभी राहून, आत येऊ का, म्हणून विचारत होती.

बाईचं, आम्ही गोदाबाईला बाईच म्हणायचो, पहिलं घर दवनीवाड्याचं. नवराबायकोनं मिळून बांधलेलं. भिंतींची माती तिनं स्वतः तुडवली होती. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी भाऊजींना गोंदियात धानाच्या गिरणीवर कायमची नोकरी लागली. त्या काळात जो तो तेच करत होता... गोंदियात घर घ्यायचं, गावचं भाड्यानं द्यायचं आणि चारचौघांत दोन्ही घरांच्या गप्पा हाणायच्या. भाऊजी तरी मागे कसे राहतील? भाडेकरू मात्र मी शोधला, तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराचा मुनीम. कागदही मीच लिहिला. मास्तर ना मी! कोणी सांगितलं नसताना 'स्वयंपाकघरासह संपूर्ण घर' असं वळणदार अक्षरात, ऐटीत लिहिलं.

आता आमच्याकडे कुळाचे देव स्वयंपाकघरातच, चुलीशेजारच्या मातीच्या ओट्यावर असतात. ते हलवायचे तर सगळे भाऊबंद एकत्र बसावे लागतात, आणि भाऊजींचे भाऊबंद बांधावरून भांडून एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. म्हणजे देव तिथेच राहणार. हे मला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. कागद वाचून दाखवला तेव्हा बाईनं विचारलंसुद्धा, "काऊन रे, माह्या देवाचं यात काहीच नाही लिवलं?" मी हसलो. देवाला कशाला कागद, म्हणालो. त्या हसण्याबद्दल स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

पहिल्या दिवाळीला बाई घमेल्यात छुई, म्हणजे आमच्याकडची सारवायची पांढरी माती, भिजवून घेऊन गेली. ओटा सारवायचा, दिवा लावायचा, परत यायचं, एवढंच. मुनिमाची बायको दारातच म्हणाली, "बाई, चूल्हा तो अब हमारा है. चौके में बाहर का कोई नहीं आता." बाहर का! बाईनं ओसरीतूनच हात जोडले. पुढे एखाद्या वर्षी आत घेतलं, बहुतेकदा नाही. मुनिमाच्या बायकोवर माझा राग कमीच; तिनं कागदात होतं तेवढंच मागितलं. राग आहे तो भाऊजींवर. भाडेकरू निर्व्यसनी आहे, उगाच दुखवू नको, हे एकच पालुपद ते दहा वर्षं आळवत राहिले. गोंदियाच्या घरात बाईनं कधी देव मांडले नाहीत. तिथे ती पाहुण्यासारखी जगली.

शेवटचा भेटलो तेव्हा ती खाटेवर होती आणि खाटेखाली ते घमेलं. रोज सकाळी त्यावर पाणी शिंपडायची, छुई वाळू नये म्हणून... मुनिमाकडून कधी बोलावणं येईल सांगता येत नाही ना! माझा हात धरून म्हणाली, "मले एक खेप दवनीवाड्याले ने. ओटा सारवतो अन् येतो." मी म्हणालो, बरी हो, मग नेतो. काय बरी होणार होती ती? डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. पण त्या कागदानंतर मुनिमाच्या दारात तिच्यासोबत उभं राहायची मलाच लाज वाटत होती, म्हणून मी खोटं बोललो.

तेराव्याला भाऊजी मला विचारत होते, ही खोली आता रिकामीच, कोणी चांगला भाडेकरू आहे का नजरेत? मी खाटेखालचं घमेलं उचललं आणि स्टेशनाची वाट धरली. छुईला भेगा पडल्या होत्या. आता रोज शाळेत जाण्याआधी मी तिच्यावर पाणी शिंपडतो. मी जन्मात कधी ओटा सारवलेला नाही, हात कसा फिरवायचा ते बायकोकडून शिकतो आहे. दिवाळीला दवनीवाड्याला जाणार आहे. दारात उभा राहून विचारणार नाही.