एसीखालची खुर्ची

रत्नागिरीच्या मे महिन्यात स्वेटर घातलेली बाई बघायची असेल तर आमच्या ऑफिसात या. ती मी.

पूर्वी आमचं ऑफिस कौलारू होतं. पंखा एकच, आणि त्याच्याखाली बसायचा हक्क सर्वांत ज्येष्ठ माणसाचा. मग नवी इमारत झाली. पश्चिमेला भल्यामोठ्या काचा, त्यातली एकही उघडत नाही. समुद्राचा वारा बाहेर फुकट हिंडतो आणि आम्ही आत विजेची हवा खातो. पंख्याच्या जागी एसी आला, हक्क मात्र तसाच राहिला. एसीचा झोत जिथे पडतो ती खुर्ची ज्येष्ठाची. झोत सोसतो का, हे विचारायची पद्धत नाही.

साहेब घाटावरचे. इथल्या दमट हवेत त्यांचा घाम वाळत नाही, म्हणून एसी अठरावर आणि रिमोट त्यांच्या खणात. गुहागरहून कामासाठी आलेली माणसं दारातून आत येताच ‘आहाहा’ करतात. दिवसभर बसून बघा म्हणावं!

आधीचे हेडक्लार्क निवृत्त झाले आणि खुर्ची माझ्याकडे आली. मी पेढे वाटले. पावसाळ्याआधीच मान अशी अखडली की कुणी हाक मारली तर मी खुर्चीसकट वळते. लोक म्हणतात, बढती मिळाली आणि बाईंना ताठा आला.

माझ्या खालोखाल ज्येष्ठ असलेली बाई पश्चिमेच्या काचेशी बसते. दुपारनंतर पाठीवर ऊन. त्यात तिचं पाळी जायचं वय, बसल्या बसल्या अंगातून वाफा निघतात. एसीचा वारा तिच्यापर्यंत पोचतच नाही. फायलीच्या पुठ्ठ्याने वारा घेत ती काम ओढते.

परवा तिला घेरी आली. मी पाणी दिलं आणि म्हटलं, “ऊठ, माझ्या खुर्चीत बस. मी इथे बसते. दोघींचंही भागेल.”

तिने आधी सगळ्यांकडे बघून घेतलं. मग म्हणाली, “नको गो बाय! तुझी उष्टी खुर्ची माका कशाला? तू रिटायर हो, मग हक्कानं बसेन.” आणि पुठ्ठा उचलला.

माझा संताप झाला. सुंभ जळेल, पण पीळ जळणार नाही! तणतणत मी परत झोताखाली येऊन बसले. पण खरं सांगते, ती ‘हो’ म्हणाली नाही, याचं मला फार बरं वाटलं.