पाच कप आणि आईची चाल

कपांच्या कारखान्यात त्यांना सगळे टिचकीताई म्हणत. खरं तर त्या कपाला टिचकी मारत नसत. बोटभर लांबीच्या लाकडी दांडीने काठावर हलकेच ठोकत. भट्टीतून निघालेला कप डाव्या हाताच्या बोटांवर तोलायचा, ठोकायचा, ऐकायचा. ‘टण्’ असा मोकळा आवाज आला की कप उजवीकडच्या फळीवर, ‘ठक्’ असा बसका आला की डावीकडच्या टोपलीत. डोळ्यांना न दिसणारी चीर कानाला बरोबर सापडते. तीस वर्षं त्या हेच करत होत्या, आणि करता करता गुणगुणत होत्या. एकच चाल, तीही बिनशब्दांची.

चाल त्यांच्या आईची. आई तरुणपणी लाँड्रीत इस्त्री करायची. इस्त्री पुढे सरकली की सूर वर जायचा, मागे आली की खाली यायचा, आणि कॉलरपाशी जरा रेंगाळायचा. आईने ती कुठून उचलली होती कोण जाणे. बहुतेक तिचीच असावी, कारण दुसऱ्या कुणाच्या तोंडून ती कधी ऐकू आली नाही.

मार्च महिन्यात टिचकीताईंना मेंदूचा झटका आला. हलकाच होता. हातपाय वाचले, बोलणं वाचलं. इस्पितळात दहाव्या दिवशी बाहेर कुणाचा तरी फोन वाजला, तेव्हा त्यांना वाटलं की चमच्यांचा खण कुणी जमिनीवर उपडा केला. शेजारच्या खाटेवरची बाई मात्र मान डोलावत म्हणाली, “छान गाणं लावलंय हो फोनला.”

ताईंनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, “मला ऐकू सगळं येतं. गाणं तेवढं ऐकू येत नाही. असं असतं का?”

“असतं,” त्या म्हणाल्या. “मेंदूत सुरांची जागा वेगळी, तालाची वेगळी, बोलण्याची वेगळी. तुमच्या एका खोलीतला दिवा गेलाय. बाकीचं घर लख्ख आहे.”

“परत लागेल?”

“काहींचा लागतो.”

ताईंनी पुढे विचारलं नाही. आता आपल्याला वाईट वाटेल म्हणून त्या जरा थांबल्या. काहीच वाटलं नाही. मग त्यांनी चहा मागवला.

घरी दादा, वहिनी, आई आणि त्या अशी चार माणसं. आई चौऱ्याऐंशीची. तीन वर्षांपासून एकेक गोष्ट तिच्या हातून निसटत चालली होती. आधी दिवस आणि वार गेले, मग माणसांची नावं, मग माणसंच. दादाला ती पाहुणा समजून बसायला सांगायची आणि वहिनीला नर्स समजून औषधाची तक्रार करायची. गेल्या काही महिन्यांत तर तिने बोलणंच टाकलं होतं. जेवायला बसवलं की ओठ घट्ट मिटून घ्यायची. ताईंनी ती चाल गुणगुणली की मात्र चेहरा सैल पडायचा, तोंड उघडायचं आणि वाडगाभर लापशी बिनबोभाट पोटात जायची. “जुनी चाल फार खोल बसलेली असते, सगळं गेल्यावरही उरते,” असं तिला तपासणारे डॉक्टर म्हणाले होते. घरात त्याचं कुणाला विशेष वाटलं नव्हतं. ताई होत्या, चाल होती, काम भागत होतं. रेकॉर्ड करून ठेवावी असं काही कुणाच्या डोक्यात आलं नाही.

वीस दिवसांनी ताई घरी आल्या तेव्हा आईची हाडं दिसू लागली होती. वहिनी चमचा चमचा पेजेच्या पाण्यावर तिला तगवत होती.

“वन्सं, आलात बाई! आता तुम्ही बघा. मी गायला लागले तर त्यांनी चमचाच फेकून मारला मला.”

“तुझ्या गाण्यावर मीही फेकला असता,” दादा म्हणाला.

ताई वाडगा घेऊन बसल्या आणि गुणगुणू लागल्या. त्यांच्या मते ती नेहमीचीच चाल होती. आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

वहिनी दारातच थबकली होती. “वन्सं,” ती जपून म्हणाली, “ते नाही हो हे. हे भलतंच काहीतरी आहे.”

ताईंनी पुन्हा गुणगुणून पाहिलं. दादा खिडकीबाहेर बघत राहिला. तिसऱ्यांदा ताईंनी गुणगुणलं नाही.

आठवड्याने डॉक्टर आईचं वजन बघून गेले. म्हणाले, “पुढच्या शनिवारपर्यंत खायला लागल्या तर ठीक. नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल. आणि त्या नळी ओढून काढणार, म्हणजे हात बांधावे लागतील.” ताईंनी मान हलवली. आईचे हात पांघरुणावर पडले होते. इस्त्रीने अंगठ्यापाशी भाजल्याचा जुना डाग अजून दिसत होता.

सोमवारी ताई कामावर गेल्या. सुपरवायझरने वीस कप पुढ्यात मांडले. त्यातले सात चिरलेले होते. ताईंनी सातही काढून दिले. “झालं की,” सुपरवायझर म्हणाला, “तुमच्या कानाला काय धाड भरलीय!” ताईंनी दांडी उचलली आणि कामाला लागल्या. टण्, टण्, ठक्. मोकळा आणि बसका, एवढं कळत होतं. तेवढंच कळत होतं.

तासाभराने भट्टीवाले मामा फळीपाशी आले. भट्टी सांभाळणारे हे मामा निवृत्तीला टेकलेले होते. ताईंचं बाक त्यांच्या भट्टीशेजारी असल्याने तीस वर्षं दोघांचं बोलणं कामापुरतं आणि थट्टेपुरतं चाललेलं.

“काय टिचकीताई, आज रेडिओ बंद?”

“बिघडलाय, मामा.”

थट्टा समजून मामा हसले. मग ताईंचा चेहरा बघून उलटी ठेवलेली बादली ओढून त्यावर बसले. ताईंनी सगळं सांगितलं, दुसऱ्या कुणाची हकिगत सांगावी तसं.

“अहो, मग मला विचारायचं! तीस वर्षं ऐकतोय मी ती चाल. पाठ आहे मला,” मामा म्हणाले आणि शिट्टी घालायला गेले. नुसती हवा निघाली. “च्यायला, कवळी बसवल्यापासून शिट्टीच गेली.” मग त्यांनी खर्जात गुणगुणून ताईंच्या फोनवर रेकॉर्ड करून दिलं. भट्टीच्या धगीने घसा केव्हाच बसला होता. संध्याकाळी ते ऐकून आई घाबरली आणि तिने पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

मंगळवारी ही बातमी ऐकून मामा रागावले नाहीत. “बरोबर आहे. माझी बायकोही असंच करते,” म्हणाले. “सूर डोक्यात आहेत हो, तोंडात नाहीत.” बोलता बोलता त्यांची नजर ताईंच्या हातातल्या कपावर गेली. “ठोका बरं परत.”

ताईंनी ठोकलं.

“आता तो पलीकडचा. आता परत हा.” मामा उठून उभे राहिले. “ताई, चाल पाच सुरांची आहे. माझ्याजवळ तोंड नाही, तुमच्याजवळ सूर नाही. पण कप आहेत की!”

जेवणाच्या सुट्टीत ते डाग पडलेल्या कपांच्या ढिगापाशी बसले. कप चिरलेले नव्हते, नुसते दिसायला वाईट म्हणून बाजूला काढलेले. एकेक ठोकून, कानाशी धरून, थोडं थोडं पाणी घालून त्यांनी पाच कप जमवले. “हा चढतोय अजून,” असं पुटपुटत ते चमच्याने पाणी घालत होते. ताईंना पाचही सारखेच वाजत होते. मामांनी प्रत्येक कपावर आकडा घातला, आतून पाण्याच्या पातळीला ब्रशने निळी रेघ ओढली आणि पॅकिंगच्या पुठ्ठ्यावर चाल आकड्यांत लिहून दिली. दोन, तीन, तीन, पाच, चार.

“किती थांबायचं, कुठे जलद जायचं, ते नाही लिहिता येत मला.”

“ते येतं मला,” ताई म्हणाल्या. तीस वर्षं हाताने तोच ताल धरला होता. तो गेला नव्हता.

संध्याकाळी आईच्या पलंगासमोर स्टूल आलं. स्टुलावर पाच कप, कपांत रेघेपर्यंत पाणी. वहिनी लापशीचा वाडगा घेऊन तयार. दादा दारात उभा. ताई पुठ्ठ्याकडे बघत ठोकू लागल्या.

आईने मान वळवली. कपांकडे बघितलं, ताईंकडे बघितलं. मग शांतपणे हात पुढे करून तिने तीन नंबरचा कप उचलला आणि त्यातलं पाणी प्यायली.

वहिनीला हसू आवरेना. “घ्या! चाल प्यायल्या की हो!”

“पाणी तरी गेलं पोटात,” दादा म्हणाला.

ताईंनी कप जागेवर ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

“नाही,” आई म्हणाली.

चार महिन्यांत तिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता.

ताल चुकला असेल म्हणून ताईंनी जरा सावकाश ठोकलं.

“नाही. नाही,” आई म्हणाली आणि ओठ मिटले. हट्टी पोरासारखा तिचा चेहरा भिंतीकडे वळायला लागला.

ताईंनी दादाकडे पाहिलं. त्यांच्या कानाला काहीच चुकलेलं नव्हतं. पाचही कप मोकळे वाजत होते, एकाही कपाला चीर नव्हती. चूक कुठे आहे ते ऐकून कळणं आता त्यांच्या हातात नव्हतं. त्यांनी कप एकेक करून उचलले आणि आत बघितलं. तीन नंबरच्या कपात पाणी रेघेच्या बोटभर खाली होतं.

“वहिनी, चमचा दे.”

त्यांनी पाणी घातलं. रेघेपर्यंत, थेंबाने कमी नाही की जास्त नाही. मग ठोकलं. दोन, तीन, तीन, पाच, चार.

आईचा चेहरा हळूहळू परत फिरला. जबडा सैल पडला. वहिनीने चमचा पुढे केला आणि तो आत गेला.

“थांबू नका, वन्सं,” वहिनी कुजबुजली.

ताई थांबल्या नाहीत. आईचा उजवा हात पांघरुणावरून पुढे सरकत होता, मागे येत होता, आणि एका ठिकाणी जरा रेंगाळत होता. कॉलर. ताईंनी तिथे दांडी क्षणभर वर धरली आणि हात निघाला तशी खाली आणली. पुढची सगळी चाल त्यांनी त्या हाताकडे बघूनच वाजवली. दादाने दाराला डोकं टेकवलं होतं आणि त्याचे डोळे भरून आले होते. ताईंनी ते पाहिलं. आपल्यालाही काहीतरी होईल म्हणून त्यांनी वाट पाहिली. टण्, टण्, टण्. पाच चांगले कप, त्यापलीकडे काही नाही.

वाडगा रिकामा झाला. आई डोळे मिटून पडली, आणि तिचा हात अजून थोडा थोडा सरकत होता.

ताईंनी कप स्वयंपाकघरात नेले, पाणी ओतून दिलं आणि बाहेरून पुसले. वहिनी आतून घासायला निघाली तसा त्यांनी तिचा हात धरला.

“आतून नको गं. रेघा जातील.”