आत्यानं फाडलेलं तिकिटांचं पान

फोन आला तेव्हा मी अंबडच्या कोर्टासमोर पत्रकं वाटत उभी होते. बाबा म्हणाले, "अक्का गेली..." एवढंच. हातातला गठ्ठा कुठं ठेवावा ते मला सुचेना. शालूआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवीन जालन्यात, स्टेशनच्या अलीकडं, दोन खोल्यांत एकटी राहायची. महिना उलटून गेला आता. रडून झालंय. आता जे उरलंय ते तिचे आभार मानण्यापुरतं आहे, आणि ते तिच्या तोंडावर मानले असते तर तिनं मला स्वयंपाकघरात कांदे चिरायला पाठवलं असतं.

आत्या एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात टपाल सांभाळायची. तिथं देशोदेशींचे लिफाफे येत. त्यांवरची तिकिटं मागून घ्यायची आणि पाण्यात भिजवून सोडवायची, ही तिची एवढीच हौस. पण सगळी नाही. फक्त जंगली जनावरांच्या पिल्लांची, आणि त्यातही पिल्लू आपल्या जागेवर असेल तरच. पाणवठ्यावरचं हत्तीचं पिल्लू चालेल, कपारीतले बिबट्याचे बछडे चालतील, बर्फातलं अस्वलाचं पोर चालेल. नुसत्या पांढऱ्या कागदावर काढलेलं सुंदर बछडं तिनं शेजारच्या पोरांना वाटून टाकलं होतं. मी विचारलं, तर म्हणाली, "अगं, ह्याच्या खाली जमीन कुठंय? राहील कशावर बिचारं?"

तिला मूलबाळ नव्हतं. त्यामुळं बोलणारे बोलत. शेजारच्या काकू एकदा जिन्यात म्हणाल्या, "शालूबाई, पोटचं न्हाई म्हणून कागदाची पिल्लं पाळून राह्यल्या का?" आत्या हसली. "हो ना वहिनी. फी न्हाई, क्लासचा खर्चा न्हाई. पाण्यात टाकलं की न्हाऊन निघत्यात, अन् वाळत घातलं की उलटून बोलत न्हाईत." त्या दिवशी काकूंचा मुलगा दहावीच्या निकालावरून घर डोक्यावर घेऊन बसला होता, हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं.

मी मात्र तिच्याशी भांडायचे. आमच्या घरात पाळण्यापेक्षा पत्रकांचे गठ्ठे आधी आले असावेत. बाबा मोर्चांची पत्रकं काढत आणि मी त्यांवरच वाचायला शिकले. मी म्हणायचे, आत्या, ही तिकिटं म्हणजे ढोंग आहे. वाघाच्या बछड्याचं चित्र छापायचं आणि त्याचं जंगल खाणीला देऊन टाकायचं! ती पाण्यातलं तिकीट चिमट्यानं अलगद सोडवत ऐकून घ्यायची. "बराबर आहे तुझं," ती म्हणायची. "मंग ज्यांनी छापलं, त्यांनाच दाखवायचं ना हे. घ्या म्हणावं, तुमचंच चित्र आहे." तेव्हा मला वाटायचं, ही मला गप्प करते आहे.

गेल्या वर्षी आमच्या गावच्या गायरानाचा विषय निघाला. आमचं गाव तीर्थपुरीच्या जवळ. गावालगतचा माळ एका गोदामवाल्याला द्यायचा, असा ठराव ग्रामसभेत येणार होता. कागदावर त्या माळाला 'पडीक' म्हटलं होतं. पडीक! ज्याच्यावर निम्म्या गावाच्या शेळ्या जगतात, ज्याच्या गवतात काळविटाच्या माद्या पाडसं लपवून चरायला जातात, ते पडीक? पण आमच्या ग्रामसभेला येतं कोण? चार पुढारी, त्यांचे आठ भाऊबंद. रजिस्टरावर सह्या झाल्या की ठराव मंजूर. मी जळजळीत पत्रक लिहिलं आणि आत्याला वाचून दाखवलं. "चांगलं लिहिलंस," ती म्हणाली. "पण वाटणार कुणाला? पारावर बसलेल्या बाप्यांना? शेळ्या घेऊन माळावर जातं कोण?"

"बायका."

"मंग बायकांच्या नावानं पोस्टानं धाड. बाईच्या नावानं पत्र कधी येतं का कुठं?"

मी म्हटलं, साधी तिकिटं आणते. तिनं कपाटातून एक जाड पुठ्ठा काढला. त्यात आपल्याच पोस्टातून विकत घेतलेलं एक अख्खं, कोरं पान होतं, एकाच तिकिटाचं : पिवळ्या गवतात अंग चोरून बसलेलं काळविटाचं पाडस, फक्त कान आणि डोळे दिसतायत. किती वर्षं तिनं ते जपलं होतं... संग्रह करणारा माणूस अख्खं पान फाडत नाही. त्याची घडीसुद्धा घालत नाही. आत्यानं भोकांच्या रेषेवर घडी घातली, वरून नख फिरवलं आणि क्षणभर थांबली.

"आत्या, राहू दे ना. खरंच."

"साधं तिकीट असलं तर वीजबिल समजून कोनाड्यात टाकत्यात. धर तिकडून. अन् जल्दी कर, माझं मन फिरायच्या आत."

पट्टी फाटतानाचा तो बारीक टरटर आवाज मला अजून ऐकू येतो. मी नावं लिहिली, तिनं तिकिटं लावली. प्रत्येक पाडस लिफाफ्यावर सरळ बसलंय का, ते चष्मा वर करून पाहिलं.

ग्रामसभेच्या दिवशी बायकांनी मंदिराचा ओटा भरून गेला. सरपंच वैतागून म्हणाले, "तुम्हाला कुणी बोलावलं?" तर मागून आवाज आला, "नावानं पत्र आलंय आमच्या. तुम्हाला आलंय का?" हशा पिकला. ठराव पडला. आत्या पाठीमागं, चपलांच्या ढिगाशेजारी बसून, माळावर शेळ्या नेणाऱ्या साळूबाईंशी काहीतरी बोलत होती. मला वाटलं, शेळ्यांच्या गोष्टी चालल्या असतील.

त्यानंतर तिचं हृदय थकत गेलं... आणि ती गेली.

मागच्या आठवड्यात गावी गेले, कळवायला. साळूबाईंच्या घरी जाऊन त्यांना सांगितलं. मग उठून त्यांनी लोखंडी कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला तो लिफाफा चिकटवलेला होता. पोस्टाचा शिक्का पाडसाच्या एका कानावर बसला होता, बाकी ते तसंच, टक लावून पाहणारं.

"आणि आतलं पत्रक?" मी विचारलं.

"कागद व्हय? सुनंनं वाचला, मंग चुलीत गेला." त्या जराही ओशाळल्या नाहीत. "तिनं वाचायच्या आधीच मला उमजलं होतं, माळाचं काहीतरी हाय म्हणून. हे बघ की, आपलंच गवत हाय."

मी इतकी वर्षं लिहितेय. माझा एकही शब्द कुणी असा सांभाळून ठेवलेला नाही. आणि मला राग आला नाही, चक्क हसू आलं.

"दाराच्या आतून का लावलं?"

"उन्हानं रंग उडतो म्हणं. तुझ्या आत्यानंच सांगितलं की, सभेच्या दिवशी. समद्यांना सांगत होती." आणि साळूबाईंनी भिंतीपलीकडं हाक दिली, "अगं ए सुमन, शालूबाईची भाची आलीय. तुझं आण गं दाखवायला!"