वाघ घ्यायचा की भिंत

मी वर्गात वाघ फार झकास करतो. दोन्ही पंजे टेबलावर, मान खाली, आणि डरकाळी अशी की शेजारच्या वर्गातले सर खडू हातात घेऊनच धावत येतात. चंद्रपुरात सगळा जन्म गेला, पण खरा वाघ मी एकदाही पाहिलेला नाही. पाहायची हौसही नाही.

शेवटच्या वर्षाच्या पर्यावरण प्रकल्पासाठी विषय मागवले, तेव्हा मूल तालुक्यातल्या एका जंगलातल्या गावची मुलगी वही घेऊन आली. एस.टी. गाठायला ती रोज जंगलातून चालत यायची. त्या वाटेवर वाघाचा पंजा उमटलेला दिसला की गावकरी त्यावर टोपली पालथी घालतात, वनरक्षक येईपर्यंत. ही पोरगी टोपली उचलून पंजा बोटांनी मोजायची. ‘आठ बोटं. पिल्लू सोबत. नाल्याकडे.’ अशा वर्षभराच्या नोंदी.

“सर, वाघ घेऊ का शहरातल्या रंगवलेल्या भिंती? मले तर वाघच पाहिजे.”

“जंगलाची परवानगी लागते,” मी म्हणालो.

“तिथीच तर राहतो ना जी आम्ही. घरी जायले परवानगी काऊन मागू?”

“राहायला नाही लागत. लिहायला लागते.”

खरी गोम वेगळीच होती. त्या अर्जावर मार्गदर्शक म्हणून मला सही करावी लागणार होती. पोरीला काही झालं तर मान माझी. मग मी माझं सगळं नाटक पणाला लावलं. “अगं, भिंतीवरचा वाघ बघ! कचरा कुंडीत टाका म्हणतो, हेल्मेट घाला म्हणतो, आणि कुणाला खात नाही!” वर्ग हसून लोटपोट झाला. तीही हसली, जराशी.

“बाबा म्हणते, यंदा पास झाली तर पुढं शिकवतो, नाई तर घरी. भिंतीवर होईन ना सर पास?”

“पास? पहिली येशील!”

तिनं कार्यालयाच्या यादीत वाघ खोडून भिंती लिहिल्या. दोन भिंतींचे फोटो काढून झाले होते, तेवढ्यात कुणी मोठे पाहुणे येणार म्हणून त्या रस्त्यावरच्या सगळ्या भिंती पांढऱ्या झाल्या. तिचा फोन आला, “सर, वाघ गेले.”

“कुठे?”

“चुन्याखाली.”

म्हटलं, चल, तुझी वही काढू. पण विषय एकदाच बदलता येतो, असा नियम. मी कार्यालयात जाऊन हात जोडले, गुडघे टेकले, आवाजात कंप आणला. बाबूच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. विषय काही त्यानं बदलला नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकांनी दोन फोटो उलटेपालटे करून पाहिले. “एवढंच?” तिनं माझ्याकडे पाहिलं. भिंतींचा हट्ट माझा होता, वर्षभराची वही तिच्या पिशवीतच आहे, एवढंच मला बोलायचं होतं. मी परीक्षकांना चहा ओतत होतो. विचारलं, “साखर किती घेता?”

ती नापास झाली.

जूनमध्ये बापलेक दाखला न्यायला आले. बाप हात जोडून म्हणाला, “तुमी लय मदत केली सर. तिच्याच नशिबात नाई, काय करता?” ती खिडकीबाहेर बघत होती. अर्जात ‘शिक्षण सोडण्याचे कारण’ हा रकाना तिनं कोरा ठेवला होता. बाबू म्हणाला, कोरा चालत नाही. मी पेन काढलं आणि माझ्या वळणदार अक्षरात लिहून टाकलं, ‘घरगुती अडचण’.