इंदुबाईंचा धुरा

माघातला रविवार, सकाळची वेळ. हजर : मी, आमचे हे आणि इंदुबाईंचा मुलगा सुधाकर. गैरहजर : इंदुबाई. काम : धुऱ्यावरचे दगड पुन्हा जागेवर लावणे. सामान : पहार, फावडं, सुतळी, नारळ. सामान सगळं आलं होतं.

धुरा म्हणजे दोन वावरांमधला, दोन शेतांमधला बांध. कळमेश्वरच्या पलीकडे आम्ही जमिनीचा जो लहानसा तुकडा घेतला, त्याच्या आणि इंदुबाईंच्या वावराच्या मधे हा धुरा आहे. आमच्याकडे जायची गाडीवाट इंदुबाईंच्या वावरातून जाते. म्हणजे त्या हो म्हणतील तोवर आमची जागा. नाही म्हणाल्या तर ती नुसती लांबून बघायची. विकणाऱ्याने हे सांगताना "बुढी जरा वेगळी आहे" एवढंच म्हटलं होतं.

वेगळेपण पहिल्याच शनिवारी कळलं. आम्ही कुलूप काढायच्या आधी त्या धुऱ्यावरच्या निंबाखाली उभ्या होत्या. काटक बांधा, काष्ट्याचं लुगडं, हातात विळा. मी स्टोव्हवर चहा केला आणि कप नेऊन दिला. त्यांनी तो घेतला, पण प्यायल्या नाहीत. माझ्या कपाकडे बघत राहिल्या.

"घ्या ना, थंड होईल."

"तू पी आधी."

मी घोट घेतला. तो माझ्या घशाखाली उतरल्याची खात्री करून मग त्यांनी कप तोंडाला लावला. "शहरातल्या चहात काय रायते कोनाले ठाऊक," त्या म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, हवापाण्याचं बोलावं तशा. त्यानंतर दर शनिवारी मी चहा दिला आणि दर शनिवारी माझा पहिला घोट होईपर्यंत त्या थांबल्या. बसल्या कधीच नाहीत. "उभीच बरी. बसलं का मानूस गाफील होते."

मी धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात सामानाचा साठा सांभाळते. कापूस, सुया, हातमोजे, काय आलं, काय गेलं. यांचं गांधीबागेत कापडाचं ठोक दुकान. रविवारी बाजार बंद, म्हणून शनिवारी संध्याकाळी निघायचं आणि रविवारी अंधार पडायच्या आत परतायचं, असा आमचा क्रम. जागेवर आधीच्या मालकाचा गुरांचा कोठा होता. त्याचं राहण्याजोगं घर करायचं ठरलं. छपराचे कवेलू उतरवून फुटके वेगळे काढणं, वासे बदलणं, भिंतींना प्लास्टर, जमिनीला फरशी. प्रत्येक रविवारची यादी मी शुक्रवारीच करून ठेवायची आणि सकाळी यांना वाचून दाखवायची.

इंदुबाई ती यादी धुऱ्यावरून ऐकायच्या आणि प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारायच्या, "कायले?"

"खिडकी मोठी करतोय, इंदुबाई."

"कायले?"

"हवा यायला."

"हवा बाहेर हाये ना एवढी. बाहेर बसा." मग यांच्याकडे वळून, "सायेब, लेआउट टाकता काय?"

नागपूरभोवती हा शब्द शेतकऱ्यांच्या कानात काट्यासारखा बसलेला आहे. वावर विकलं जातं, त्यात चुन्याने रंगवलेले दगड रोवून प्लॉट आखले जातात, रस्त्याला फलक लागतो, आणि शेजारच्या वावराचं पाणी, वाट, गुरांची ये-जा सगळं अडतं. इंदुबाईंच्या भासऱ्याचं, म्हणजे थोरल्या दिराचं वावर असंच गेलं होतं. "त्याले बी सायेबच भेटला होता," त्या सांगायच्या. "म्हने, दोन दिवस आराम कराले जागा पायजे. आराम! मंग पांढरे दगड आले."

यांनी हसून सांगितलं, "नाही हो, आम्ही खरंच आरामासाठी घेतलीय."

"त्यानं बी असंच हासून सांगतलं होतं," इंदुबाई म्हणाल्या.

त्यांना आमचा संशय होता, तसा मलाही त्यांचा होता. दर शनिवारी जागेवर काहीतरी इकडचं तिकडे झालेलं असायचं. सिमेंटवरची ताडपत्री वेगळ्या बाजूने दुमडलेली. दाराशी ठेवलेला झाडू खिडकीखाली. एकदा खिडकीच्या ओल्या प्लास्टरमध्ये अंगठ्याचा ठसा, खोल रुतवलेला. मी निघताना मोबाइलवर फोटो काढून ठेवायला लागले आणि आल्यावर ताडून पाहायला लागले. काही चोरीला जात नव्हतं, याचीच मला जास्त धास्ती वाटायची. चोर निदान काहीतरी नेतो. मी मोठं कुलूप आणलं.

"कुलूप मोठं घेतलं," इंदुबाई लगेच म्हणाल्या. "काय ठेवलं वं आतमंधी?"

"आठवडाभर इथं कोणीतरी येतं, इंदुबाई."

"येते ना," त्या म्हणाल्या, आणि विळ्याने धुऱ्यावरचं गवत कापायला लागल्या.

दिवाळीच्या आधी मी ठरवलं की फाटकापासून दारापर्यंत नीट पायवाट हवी, दोन्ही कडांना दगड. यांनी चपटे, काळे, छान दगड कुठून तरी गोळा करून आणले. मी ते ओळीने मांडले आणि चुन्याने पांढरेशुभ्र रंगवले. आमच्या शाळेच्या आवारात असायचे, अगदी तसे. लांबून फार सुबक दिसत होतं. मी फोटो काढून बहिणीला पाठवला.

पुढच्या शनिवारी गाडीवाटेच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या, काटेरी फांद्या, आडव्या टाकलेल्या होत्या. ढीगच. पलीकडे इंदुबाई.

"हे काय, इंदुबाई?"

"तूच सांग काय हाये ते. माह्या धुऱ्याचे दगड उपटले, तुह्या वावरात नेले अन् वरून चुना लावला. आता इचारते, हे काय!"

मी यांच्याकडे पाहिलं. "दगड तुम्ही धुऱ्यावरून आणले?"

"अगं, गवतात पडले होते," हे म्हणाले. "नुसतेच पडलेले. मला वाटलं, कोणाचेच नाहीत."

"नुसते पडून रायते का दगड?" इंदुबाई म्हणाल्या. "माह्या सासऱ्यानं लावले होते. दोनी वावरांचे मानसं उभे करून, नारळ फोडून. आता धुरा कुठं हाये सांग. सांग ना!"

दगड काढलेले खळगे यांनीच, कोणाचा पाय मुरगळू नये म्हणून, माती टाकून बुजवले होते.

मी समजावलं. दगड आजच परत लावतो, चुना धुऊन काढतो, लेआउटचा प्रश्नच नाही. इंदुबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग काट्यांच्या वरून जरा पुढे वाकल्या आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणला.

"तू खरं बोलून रायली, मले दिसते. मी तुह्या घरात येऊन पाह्यलं. प्लास्टरमंधी अंगठा घालून पाह्यला. पक्कं हाये. इकनारा मानूस येवढं पक्कं नाई बांधत. पन बुधवारी दोन मानसं आलते. टेप धरून मोजून रायलते. तुह्या मालकाले इचार ते कोन होते. मालक संगंच होता त्याईच्या."

हे त्या वेळी गाडीच्या डिकीत काहीतरी शोधत होते. फार वेळ शोधत होते.

"बुधवारी तुम्ही कुठे होता?"

"दुकानात."

"दिवसभर?"

"कोण म्हणालं?" यांनी विचारलं, आणि माझं उत्तर मला मिळालं.

ते म्हणाले, नुसता भाव काढला होता. ओळखीचा एक दलाल मागे लागला होता, म्हणून दाखवायला आणलं. विकायचं असं काही ठरलं नव्हतं. मग ते गाडीच्या कडेला टेकले आणि जरा चढ्या आवाजात म्हणाले, "सरिता, सोमवार ते शनिवार मी गांधीबागेत गाठोडी उचलतो. रविवारी इथं सिमेंट उचलतो. आरामाची जागा म्हणतेस; मला इथं बसलेलं कधी पाहिलंस? बसायला काय आहे इथं?"

मी मनातल्या मनात सगळ्या याद्या चाळल्या. वासे होते, फरशी होती, खिळे, चुना, कुंचेसुद्धा होते. खुर्ची कुठेच नव्हती.

इंदुबाई काट्यांपलीकडून सगळं ऐकत होत्या. "भांडा सावकाश," त्या म्हणाल्या. "मी हाये इथंच."

जमीन आम्हा दोघांच्या नावावर आहे. माझ्या सहीशिवाय काही होणार नव्हतं, तरी यांनी दलालाला माझ्यासमोर फोन करून नाही सांगितलं. मी दोन खुर्च्या आणल्या आणि रविवारची दुपार यादीतून काढून टाकली. हे आता ओसरीत बसून पेपर वाचतात. तरी पुढचे कित्येक बुधवार मी दुपारी काहीतरी निमित्त काढून दुकानात फोन करत असे. संशयाची सवय लागायला फार दिवस लागत नाहीत, आणि मी तर दर शनिवारी इंदुबाईंच्या शेजारी उभी राहून चहा पीत होते.

दगडांच्या बाबतीत मात्र त्यांनी काही ऐकलं नाही. तुम्हीच लावा म्हटलं, तर म्हणाल्या, "म्हंजे उद्या तू म्हनशीन, बुढीनं सरकवले." आम्ही लावतो म्हटलं, तर, "म्हंजे तू सरकवशीन." सरकारी मोजणीचा अर्ज करू म्हटलं, तर म्हणाल्या, "मोजनीवाला सांजच्याले आपल्या घरी जाते. धुऱ्यावर आपन रायतो." तूर निघाल्यावर, दोन्ही बाजूंची माणसं समोर ठेवून, नारळ फोडून दगड लावायचे असं ठरलं. तोवर काट्या फक्त एका माणसापुरत्या बाजूला केल्या. "दगड लागले का मोटार येईन." म्हणून तो सगळा हिवाळा आम्ही गाडी डांबरी रस्त्यावर ठेवून फरशा, नळ्या, पाण्याचे कॅन हातात घेऊन चालत नेले. इंदुबाई सोबत चालायच्या. ओझं कधी धरलं नाही. आत काय आहे ते मात्र प्रत्येक वेळी उघडून पाहिलं.

तूर निघायच्या सुमारास त्या पडल्या. कळमेश्वरला कारखान्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने, सुधाकरने, त्यांना धंतोलीतल्याच एका दवाखान्यात आणलं. माझ्या कामाच्या ठिकाणापासून एक गल्ली सोडून. मी जेवणाच्या सुट्टीत थर्मास घेऊन गेले. पलंगावर त्या फारच लहान दिसत होत्या. पहिलं वाक्य, "हे सलाइनमंधी काय सोडून रायले, पाह्यत जा वं. तू त यातलीच हाये."

मी बाटलीवरचं वाचून दाखवलं. पटलं नाही, पण जरा शांत झाल्या. मी चहा ओतून दिला. कप मलाच धरावा लागला. त्यांनी ओठ मिटून घेतले आणि माझ्याकडे पाहिलं.

"तू पी आधी."

मी घोट घेतला. मग त्या प्यायल्या.

"दगड लावले?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुम्ही नसताना कसे लावू?"

"बरं केलं," त्या म्हणाल्या. डोळे मिटले होते. मला वाटलं, झोपल्या. पण त्या म्हणाल्या, "माह्या मागं लावशीन, त सरकवशीन."

"नाही सरकवणार, इंदुबाई."

"सारेच म्हनते."

त्यानंतर त्या घरी गेल्याच नाहीत. त्यांचं दिवसकार्य झाल्यावर मी सुधाकरला फोन केला. धुऱ्याचं काम राहिलंय, तूर निघालीय, तुम्ही या. तो लगेच हो म्हणाला.

काल संध्याकाळी आम्ही पोचलो तर गाडीवाट मोकळी होती. एक काटी शिल्लक नव्हती. कोणीतरी झाडूनसुद्धा घेतली होती. गाडी थेट दारापर्यंत गेली. हे खूश झाले. मला ती झाडलेली वाट बरी वाटली नाही.

आज सकाळी सुधाकर पँट-शर्टात, बूट घालून आला होता. फार गोड बोलणारा माणूस. मी सुतळीचं एक टोक त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, "तुमच्या आई कुठे उभ्या राहायच्या, तिथे उभे राहा. दगडांची ओळ त्या निंबापासून सुरू व्हायची, एवढं त्यांनी सांगितलेलं आठवतं. तुम्ही सांगा, तिथं लावू."

तो हसला. "ताई, तुम्हीच लावून घ्या ना. कुठंबी लावा. मायी काही हरकत नाही."

"तुमची हद्द आहे, भाऊ."

"दोन हात इकडं का तिकडं, काय फरक पडते? वाट बी खुली करून देल्ली तुमाले. आईचं उगाच असं होतं सारं."

मी चहा केला. एक कप त्याला दिला, एक मी घेतला आणि मुद्दाम तसाच हातात धरून थांबले. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. उभ्याउभ्या एका दमात पिऊन टाकला आणि रिकामा कप निंबाच्या बुडाशी ठेवला. मग कमरेवर हात ठेवून त्याने त्याचं वावर या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेने पाहून घेतलं.

"बुधवारी कोणी येणार आहे का इकडे?" मी विचारलं.

"कोन ताई?" तो म्हणाला, आणि बुटावरची माती झटकायला लागला.

यांनी पहार उचलली होती. मी ती परत खाली ठेवायला सांगितली. आपली हद्द कुठे आहे हे ज्याला सांगायचंच नाही, त्याच्यासमोर मी दगड लावणार नाही. नारळ पिशवीत आहे, सुतळी गुंडाळून ठेवली आहे. दगड आमच्या पायवाटेच्या कडेलाच आहेत; चुना बराचसा गेलाय, तरी लांबून अजून पांढरे दिसतात. येत्या बुधवारी मी रजा टाकली आहे. एक खुर्ची निंबाखाली नेऊन ठेवली आहे, पण बसायचं की उभं राहायचं, ते अजून ठरलं नाही.

धुऱ्याचे दगड लावणे : बाकी.