शेजारच्या खाटेचा ताप

मुलांनो, फुप्फुसातल्या जंतू गिळणाऱ्या पेशींना निरोप देऊन कामाला लावणारी प्रथिनं असतात, असं परवा तुम्ही फोनवर सांगितलंत, म्हणून हे आज लिहिते.

साठच्या दशकात मी न्यूमोनियाने लोणावळ्याच्या दवाखान्यात होते. तुमचे बाबा पाच महिन्यांचे, घरी. ताप उतरल्याशिवाय डॉक्टर सोडणार नव्हते. शेजारच्या खाटेवर जवळच्या औंढे गावची एक शेतकरीण होती. तोच आजार, तेच इंजेक्शन, तिचंही बाळ घरी. मी दूध-अंडी खाऊनही तापाने फणफणत होते आणि ती तिसऱ्याच दिवशी बसून वेणी घालत होती. मला तिचा फार हेवा वाटे.

तिला वाचता येत नसे. आपल्या खाटेला लटकवलेला तापाचा तक्ता ती रोज माझ्यापुढे धरायची.

"बाई, किती हाय?"

एका सकाळी तिच्या तक्त्यावर ताप नव्हता. मी म्हणाले, "आहे अजून."

तिने स्वतःच्या गळ्याला हात लावून पाहिला आणि हसली. "कागदाला असंल. मला न्हाई."

दुपारी ती बाळाकडे गेली. मी आणखी नऊ दिवस तिथेच होते.

तिच्या पेशींना निरोप वेळेवर पोचला असेल, माझ्या पेशींना उशिरा. माझ्या एक्स-रेत त्या न्यूमोनियाचा डाग अजून दिसतो. ते खोटंही मी विसरलेले नाही.