संशोधक नवनाथ, राहणार कुरुळी

आमचे हे, म्हणजे नवनाथ, चोरीच्या खोट्या केसमध्ये तीन वर्षं आत होते. निर्दोष सुटले, पण तोवर संसाराची पार माती झाली होती. कुरुळीत शेजारणींना मी सांगायचे, "कंपनीनं गुजरातला पाठवलंय." तुरुंगात गेलेल्या माणसाच्या घरचे असंच सांगतात. दुसरं काय सांगणार, कपाळ?

सुटल्यावर पोलीस व्हेरिफिकेशन म्हटलं की हे गेटवरूनच परत. शेवटी एका ठेकेदारामार्फत एका कंपनीत चिकटले. त्यानं विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही.

मग पुण्यातल्या एका संस्थेच्या निशिगंधा मॅडम आल्या. तुरुंगातून सुटलेल्यांना काम का मिळत नाही, हा त्यांचा अभ्यास. मला वाटलं, चार प्रश्न विचारतील नि जातील. तर म्हणाल्या, "नवनाथदादा, तुम्ही माझ्याबरोबर संशोधक व्हा. प्रश्न आपण मिळून काढू, माणसांना तुम्ही भेटा."

झालं, आमचे साहेब हवेत. कडक इस्त्रीचा शर्ट, तपकिरी बूट, काखेत फाईल. असे देहूरोडला एकाकडे गेले, तर तो मागच्या दारानं पसार. त्याला वाटलं, साध्या वेशातला पोलीस आला. मी पोट धरून हसले, यांना मात्र जेवण गेलं नाही.

पुढच्या वेळी पायात चप्पल, हात रिकामे. बसल्याबसल्या आधी स्वतःचंच सगळं सांगितलं. तेव्हा कुठं समोरचा बोलता झाला. मग अशी कितीतरी घरं यांनी पालथी घातली.

अहवाल झाला. चिंचवडला कार्यक्रम ठरला, कंपन्यांची माणसं बोलावलेली. मॅडम म्हणाल्या, "दादा, नाव बदलून घालू का? तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे."

"खोट्या केसला माझं खरं नाव चाललं," हे म्हणाले, "मग या कामाला का नको?"

मी घरी कडाकडा भांडले. चूल काय तुमचा अहवाल पेटवणार का, म्हटलं. ऐकतील तर शपथ.

सभागृहात पुढेच यांच्या कंपनीचे मॅनेजर सोपानराव बसलेले. यांनीही पाहिलं त्यांना, तरी माईक धरला. "मी नवनाथ. तीन वर्षं तुरुंगात होतो. या अभ्यासातला संशोधक आहे." आणि सगळं मांडलं, न अडखळता.

सोपानराव उठले. गेली नोकरी, मी मनात म्हटलं.

"नवनाथ, उद्या फर्स्ट शिफ्टला ये," ते म्हणाले. "आमच्या गेटवरनं आजवर किती माणसं परत गेली, ते एचआरला तूच समजावून सांग."

मी भर सभेत ढसाढसा रडले. लोक वळून बघत होते. बघू देत की, माझाच नवरा बोलत होता.